ब्रिटिश इंग्रजीतला 'बगर': एका शब्दाचे इतके अर्थ कसे ओळखायचे?

शर्वरी_न (प्रश्न)

उत्तर इंग्लंडमधल्या टीमबरोबर काम चालू आहे. कॉलवर आणि चॅटमध्ये 'बगर' हा शब्द सारखा येतो. शब्दकोशात पहिला अर्थ गुदमैथुनाचा दिलाय, आणि तो यातल्या एकाही वाक्यात बसत नाही. वाक्यं जशी ऐकली तशी लिहिते:

१. द प्रिंटर इज बगर्ड.
२. देअर इज बगर ऑल वी कॅन डू टिल मंडे.
३. पुअर बगर, ही वॉज ऑन सपोर्ट ऑल नाइट.
४. स्टॉप प्लेइंग सिली बगर्स.
५. वेल, बगर मी, इट वर्क्स!
६. दे हॅव बीन बगरिंग अस अबाउट सिन्स जून.
७. इट्स अ बगर टू इन्स्टॉल.

प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा आहे एवढं कळतं, पण ओळखायचा कसा? ही शिवी आहे का? आपण वापरली तर चालते का? आणि सॉफ्टवेअरमधल्या 'बग'शी हिचा काही संबंध आहे का?

लीड्सकर

वाक्यं जशीच्या तशी दिलीत हे फार बरं केलंत. या शब्दाचं उत्तर वाक्याशिवाय देताच येत नाही. आपल्या 'लागणे'सारखं आहे हे: भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, वाट लागते. तसंच 'बगर'च्या मागेपुढे काय आलंय ते आधी ऐकायचं, अर्थ तिथून कळतो.

सगळ्यात जास्त कानावर पडेल ते बगर ऑल. अर्थ: काहीही नाही, शून्य. तुमचं वाक्य २ म्हणजे 'सोमवारपर्यंत आपल्या हातात काहीच नाही.' नकार त्या दोन शब्दांतच आहे, म्हणून क्रियापद होकारार्थी राहतं. मराठीत 'काहीच नाही'मध्ये 'नाही' वेगळं येतं, त्यामुळे आपली माणसं हमखास 'देअर इज नॉट बगर ऑल' म्हणतात. काही बोलींमध्ये इंग्रजही असा दुहेरी नकार घालतात, पण ऑफिसात तो चुकीचाच वाटेल. पुढे नाम आलं तर ते थेट जोडायचं: बगर ऑल टाइम, बगर ऑल मनी, बगर ऑल यूज. मध्ये 'ऑफ' लागत नाही. याचीच भावंडं म्हणजे 'सॉड ऑल' आणि 'नॅफ ऑल'. अर्थ तोच, 'नॅफ ऑल' जरा सौम्य.

बगर्ड हे विशेषण म्हणून येतं तेव्हा कर्ता पाहा. कर्ता वस्तू असेल तर ती मोडली, बिघडली, कामातून गेली: प्रिंटर, गिअरबॉक्स, गुडघा. कर्ता माणूस असेल आणि वाक्य आत्ताच्या स्थितीबद्दल असेल तर तो दमून गळपटलाय: 'आय अ‍ॅम बगर्ड आफ्टर दॅट शिफ्ट.' माणूसच कर्ता आहे पण वाक्यात 'इफ' आहे, तर अडचणीत सापडणं, वाट लागणं: 'इफ द बॅकअप फेल्स, वी आर बगर्ड.' या तिन्हींत गल्लत झाली की उत्तर भलतंच जातं. 'वी आर बगर्ड' ऐकून कुणी 'मग जरा विश्रांती घ्या' म्हटलं, तर समोरच्याला वाटणार की संकटाचं याला काहीच नाही.

यातच दोन ठरीव वाक्प्रयोग आहेत. 'आय अ‍ॅम बगर्ड इफ आय नो' म्हणजे 'मला काय ठाऊक!' आणि 'आय कान्ट बी बगर्ड' म्हणजे 'मला कंटाळा आलाय, मी करणार नाही.' दुसऱ्यात थकवा नसतो, अनिच्छा असते.

आता क्रियापदं. इथे शेपटाला, म्हणजे मागून येणाऱ्या 'अप', 'अबाउट', 'ऑफ' या शब्दांना, जपायचं.

'बगर अप' म्हणजे विचका करणे. सर्वनाम मध्येच बसतं: 'ही बगर्ड इट अप.' 'बगर्ड अप इट' असं कुणी म्हणत नाही. नाम मात्र दोन्हीकडे चालतं.

'बगर अबाउट' किंवा 'बगर अराउंड' याला कर्म नसेल तर वेळ काढणे, नुसते चाळे करत बसणे. माणूस मध्ये आला की अर्थ फिरतो. 'बगर समवन अबाउट' म्हणजे एखाद्याला झुलवत ठेवणे, आज या उद्या या करणे. वाक्य ६ हेच आहे: जूनपासून ते आपल्याला नुसते खेळवतायत.

'बगर ऑफ' आज्ञार्थी असेल तर 'चालता हो', आणि ते उर्मटच. भूतकाळात धार कमी होते: 'ही बगर्ड ऑफ अ‍ॅट थ्री' म्हणजे तीन वाजता न सांगता सटकला. बोलणाऱ्याला थोडी चीड असते, त्यापलीकडे काही नाही. हसत हसत 'ओ, बगर ऑफ!' म्हटलं तर 'जा रे, काहीतरीच काय!'

हे शेपूट विसरलात तर मोठी पंचाईत होते. 'माझ्या मॅनेजरने मला झुलवत ठेवलं' असं सांगायचंय आणि वाक्यातून 'अबाउट' गळालं, तर उरतं ते मूळ लैंगिक अर्थाचं वाक्य, म्हणजे मॅनेजरवर गंभीर आरोप. माणूस कर्ता, माणूस कर्म आणि पुढे शेपूट नाही, ही रचना तोंडातून जाऊ देऊ नका.

लीड्सकर

वरचं लांबलं म्हणून बाकीचं वेगळं लिहितो.

नाम म्हणून 'बगर' म्हणजे माणूस, प्राणी किंवा वस्तू. चांगलं की वाईट ते आधीचं विशेषण ठरवतं. 'पुअर बगर' म्हणजे बिचारा, यात खरी सहानुभूती असते. 'लकी बगर' आणि 'जॅमी बगर' नशीबवान. 'जॅमी'त 'फारसं काही न करता मिळालं' अशी छटा आहे. 'डॅफ्ट बगर' हा उत्तरेतला लाडका शब्द, वेडपट या अर्थी. 'चीकी बगर' आगाऊ. 'मिझरेबल ओल्ड बगर' मात्र खरीच नापसंती. 'द लिटल बगर्स' मुलांना म्हणतात, धान्यातल्या उंदरांना म्हणतात, आणि टेबलाखाली सांडलेल्या बारीक स्क्रूंनाही म्हणतात. विशेषण न लावता थेट 'यू बगर!' म्हटलं तर सगळं स्वरावर. बाईमाणसाला उद्देशून हा शब्द क्वचितच येतो, तुम्ही तर तो टाळाच.

वस्तूबद्दल 'अ बगर टू' आणि पुढे क्रियापद: करायला किचकट, डोक्याला ताप. वाक्य ७ तेच. 'अ बगर ऑफ अ जॉब' हेही त्याच घरातलं.

'प्ले सिली बगर्स' नेहमी अनेकवचनात आणि नेहमी 'प्ले'बरोबर. यंत्राबद्दल असेल तर 'नेटवर्क आज चाळे करतंय', एवढंच. माणसाला म्हटलं तर 'फाजीलपणा बंद कर' किंवा 'सरळ वाग, खेळी करू नकोस'. ही टीका असते.

उद्गार: नुसतं 'बगर!' म्हणजे कप हातातून सुटला, बस चुकली. 'बगर इट' म्हणजे जाऊ दे, सोडला नाद. 'बगर दॅट' म्हणजे हे मी करणार नाही. पुढे नाम आलं तर 'खड्ड्यात गेलं ते': 'बगर द कॉस्ट' म्हणजे खर्चाची पर्वा नाही. 'बगर मी' आणि 'आय विल बी बगर्ड' दोन्ही आश्चर्याचे. वाक्य ५ मध्ये तो माणूस खूश झालेला आहे.

कामाच्या दृष्टीने तुमच्या सात वाक्यांपैकी ४ आणि ६ वर लक्ष द्या. बाकीची बोलण्याच्या ओघातली आहेत. ६ ही तक्रार आहे. त्यातले 'दे' म्हणजे तुमचीच टीम असेल, तर तारखा पुढे ढकलल्याचा राग साचलाय असं समजा आणि पुढची तारीख लेखी द्या.

व्युत्पत्तीप्रेमी

'बग'शी संबंध नाही. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत कॉम्प्युटरच्या आधीची आहे, एडिसनच्या १८७८ च्या पत्रव्यवहारात ती सापडते. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क २ यंत्रात सापडलेला पतंग (खराखुरा किडा, म्हणजे इंग्रजीत 'बग') प्रसिद्ध आहे, पण तेव्हा शब्द आधीच रूढ होता. 'बगर' वेगळ्याच वाटेने आलाय, आणि ती वाट बल्गेरियातून निघते.

दहाव्या शतकात बल्गेरियात बोगोमिल नावाचा ख्रिस्ती पंथ निघाला. जग दुष्ट शक्तीने घडवलं, चर्चची संपत्ती आणि कर्मकांड व्यर्थ, अशी त्यांची शिकवण. ते विचार पश्चिमेकडे पसरले आणि दक्षिण फ्रान्समधल्या कॅथार पंथाच्या लोकांशी त्यांचं नातं जोडलं गेलं. या कॅथारांविरुद्ध पोपने १२०८ साली धर्मयुद्ध पुकारलं, ते १२०९ ते १२२९ चाललं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'बुल्गारुस' म्हणजे बल्गेरियन. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये झालं 'बूग्र', आणि अर्थ झाला पाखंडी. इंग्रजीत चौदाव्या शतकात हा शब्द आला तोही 'पाखंडी' याच अर्थाने. लैंगिक अर्थ नंतरचा. पाखंड्यांवर 'अनैसर्गिक' वर्तनाचा आळ घेणं ही त्या काळातली नेहमीची रीत. कॅथारांमधले कडक व्रतस्थ प्रजननच निषिद्ध मानत, त्यामुळे त्यांच्यावर हा आळ सहज चिकटला. एका देशाच्या नावाची अशी गत झाली, याचं मला कायम वाईट वाटतं.

पुढे तो शब्द कायद्यात शिरला. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ साली, इंग्लंडच्या संसदेने बगरी अ‍ॅक्ट केला. शिक्षा मृत्यूची. तोवर हा विषय चर्चच्या न्यायालयांचा होता, तो राज्याकडे आला. या गुन्ह्यासाठी इंग्लंडमधली शेवटची फाशी १८३५ ची, लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर दोघांना दिलेली. मृत्युदंड १८६१ मध्ये गेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांवरील पुरुषांमधले खासगी, संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळायला १९६७ उजाडलं.

आपल्याशी याचा थेट संबंध आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ याच इंग्रजी कायद्याच्या विचारातून आलं. मेकॉलेच्या आयोगाचा मसुदा १८३७ चा, संहिता १८६० ची. कलमात 'बगरी' हा शब्द मुद्दाम ठेवला नव्हता, 'निसर्गक्रमाविरुद्ध' असं मोघम लिहिलं होतं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं.

म्हणून एक गोष्ट मनापासून सांगतो. 'पुअर बगर' किंवा 'बगर ऑल'मध्ये आज कुणाला हा इतिहास ऐकू येत नाही. पण समलिंगी माणसाबद्दल बोलताना, किंवा त्याच्या तोंडावर, नाम म्हणून हा शब्द वापरलात तर तो सगळा इतिहास परत उभा राहतो. तिथे तो सौम्य उरत नाही.

इतर भाषांत तोच शब्द कसा निवला तेही पाहण्यासारखं आहे. फ्रेंचमध्ये 'बूग्र' म्हणजे आता जवळजवळ 'गडी', 'बापडा'. इटालियनमधल्या 'बुज्जेरारे'चा अर्थ फसवणे. इंग्रजीतच 'सॉड' या शब्दाची वाट हुबेहूब अशीच आहे. तो बायबलमधल्या सदोम शहरावरून आला, आणि आज 'पुअर सॉड', 'सॉड ऑल', 'सॉड ऑफ' ही सगळी रूपं 'बगर'च्या जागी तशीच्या तशी बसतात.

मंजिरी_ब्रिस्टल

'शिवी आहे का' याचं उत्तर बऱ्यापैकी नेमकं देता येतं. ब्रिटनमध्ये रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणारी ऑफकॉम ही संस्था वेळोवेळी लोकांना विचारून शब्दांची तीव्रता ठरवते. २०१६ च्या अहवालात 'बगर' सौम्य गटात होता, 'ब्लडी', 'डॅम' आणि 'आर्स'च्या रांगेत. 'बोलॉक्स' आणि 'पिस्ड ऑफ' त्याच्या वरच्या, मध्यम गटात. एफने सुरू होणारा शब्द सर्वात वरच्या गटात, आणि तो टीव्हीवर रात्री ९ च्या आधी चालत नाही.

सौम्य म्हणजे सभ्य नव्हे. ती शिवीच आहे, फक्त हलकी. कुठे चालते ते मी असं धरते:

बरोबरीच्या सहकाऱ्यांत, तोंडी, वस्तूबद्दल किंवा परिस्थितीबद्दल: चालते. ग्राहकासमोर, मुलाखतीत, वरिष्ठाशी पहिल्याच भेटीत, शाळेत, लहान मुलांसमोर: नाही. लेखी रूपात तर अजिबात नको. ईमेल पुढे पाठवली जाते, आणि कॉलचं आपोआप होणारं लेखी रूप शब्द न शब्द टिपतं. बिघाडाच्या अहवालात 'बगर्ड' लिहू नका, 'नॉट वर्किंग' लिहा. 'बगर ऑल'ऐवजी 'नथिंग', 'बगर्ड अप'ऐवजी 'मेस्ड अप', 'बगरिंग अबाउट'ऐवजी 'मेसिंग अबाउट'. ही अदलाबदल रचना न बदलता जमते, म्हणून पाठ करायला सोपी.

त्याच कॉलवर अमेरिकन असतील तर आणखी एक भानगड आहे. अमेरिकेत 'क्यूट लिटल बगर' हे खोडकर पोराबद्दल कौतुकाने म्हणतात, बाकीचे ब्रिटिश अर्थ त्यांना अंधुकच माहीत असतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उलट, शब्द ब्रिटनपेक्षाही मोकळा. १९९९ मध्ये टोयोटा हायलक्सच्या जाहिरातीत जवळजवळ हा एकच संवाद होता: ट्रकच्या ताकदीचा अंदाज चुकतो, काहीतरी मोडतं, आणि माणूस म्हणतो 'बगर'. न्यूझीलंडमध्ये तक्रारी झाल्या, जाहिरात मानक मंडळाने त्या फेटाळल्या.

तुम्ही स्वतः वापरावा का? माझं मत: सगळे अर्थ समजून घ्या, तोंडात फक्त 'पुअर बगर' आणि काही सांडलं तर नुसतं 'बगर' येऊ द्या, तेही टीमशी ओळख झाल्यावर. बाकी रूपांत स्वर आणि वेळ साधावी लागते, आणि ती ऐकून ऐकूनच येते.

शर्वरी_न

सगळ्यांचे मनापासून आभार. 'अबाउट' गळण्याचा धोका तर लक्षातच आला नव्हता. दोन शंका उरल्यात. एक, काहीजणांच्या तोंडून तो 'बुगा' असा ऐकू येतो, तोच शब्द का? दुसरी, कुणी 'देअर इज बगर ऑल वी कॅन डू' म्हटलं तर उत्तर कसं द्यायचं? तोच शब्द परत वापरायचा का?

लीड्सकर

तोच शब्द. इंग्लंडच्या दक्षिणेत 'कप', 'बस', 'लव्ह' यांत जो अ-सारखा स्वर आहे, तो उत्तरेत ऱ्हस्व उ-सारखा होतो: 'कुप', 'बुस', 'लुव'. मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड, सगळीकडे. म्हणून 'बगर'चा 'बुगर'.

शेवटचा 'र' इंग्लंडच्या बहुतेक भागांत उच्चारत नाहीत. दक्षिणेतला माणूस 'बगा' म्हणतो, आणि मराठी कानाला ते गावाकडच्या 'बगा' म्हणजे 'बघा'सारखं वाटतं. पुढच्या शब्दाची सुरुवात स्वराने झाली की तो 'र' परत येतो: 'बग-रॉल', 'बग-रॉफ', 'बग-रप'. आणि ते एका दमात येतं, त्यामुळे नवख्याला हा तिसराच कुठला तरी शब्द वाटतो. 'बगर्ड' प्रत्यक्षात 'बगड' ऐकू येतं. आपल्या 'बिघड'च्या जवळचं आहे, तो योगायोगच, पण 'प्रिंटर बगड' लक्षात ठेवायला उपयोगी. स्कॉटलंडमध्ये 'र' स्पष्ट असतो.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: शब्द परत करायची गरज नाही. तो सांगतोय की सोमवारपर्यंत मार्ग नाही. 'राइट, सो नथिंग टिल मंडे देन. आय विल लेट द क्लायंट नो' असं म्हणा. अर्थ कळला हे त्यातून पोचतं. 'बगर मी, इट वर्क्स'ला 'ब्रिलियंट' पुरेसं. 'पुअर बगर'ला 'होप ही गेट्स सम स्लीप'. प्रत्येकात मागची भावना पकडून उत्तर द्यायचं: हतबलता, आनंद, कणव.

उपशीर्षककार

मराठी उपशीर्षकं करणाऱ्यांना हा शब्द फार छळतो, म्हणून थोडी भर. उपशीर्षकात दोन ओळी, ओळीला साधारण ४२ अक्षरं, आणि वाचायला काही सेकंद. समजावून सांगायला जागा नसते, नेमका शब्दच हवा.

उद्गार 'बगर!'ला 'च्यायला!' इतकं चपखल दुसरं काही नाही. मूळ दोन्हीकडे अश्लील ('तुझ्या आयला' झिजून झालेलं), आज दोन्हीकडे घरातली मोठी माणसंही सहज उच्चारतात, आणि दोन्ही कुणाला उद्देशून नसतात. 'बगर ऑल'ला 'शष्प'. 'शष्प कळत नाही', 'शष्प मिळालं नाही' यात नेमकी तेवढीच धार आहे. मुंबईचा तरुण बोलत असेल तर 'घंटा'. 'लकी बगर'ला 'नशीबवान लेकाचा', 'डॅफ्ट बगर'ला 'येडचाप', 'पुअर बगर'ला 'बिचारा' किंवा पात्र ग्रामीण असेल तर 'बापडा'. 'बगर्ड अप'ला 'वाट लावली', 'विचका केला'. 'बगर ऑफ'ला 'फूट' किंवा 'चालता हो', पात्राच्या वयावर. 'बगरिंग अस अबाउट'ला 'झुलवतायत'.

निषाद_

सगळीकडे सरसकट 'साला' टाकण्याची पद्धत दिसते, ती थांबायला हवी. 'साला' माणसाला चिकटतो. 'बगर' अर्ध्या वेळा माणसाबद्दल नसतोच. 'साला प्रिंटर बिघडला' लिहिलं की 'बिघडला' हे वेगळं लिहावं लागतं आणि 'साला' फुकट जातो, कारण मुळात 'बगर्ड' हाच 'बिघडला' आहे.

'नावातला बगर' हाही एक प्रकार आहे, तो भाषांतरात हरवतो. डिलन टॉमस या वेल्श कवीच्या 'अंडर मिल्क वुड' या श्रुतिकेतलं गाव आहे 'लारेगब'. नाव अस्सल वेल्श वाटतं, पण रोमन अक्षरं उलटी वाचली की 'बगर ऑल' निघतं. बीबीसीने ती २५ जानेवारी १९५४ ला प्रसारित केली. छापील आवृत्तीत नावाचं स्पेलिंग किंचित बदललं होतं, त्यामुळे उलटं वाचून काही निघत नव्हतं. मराठीत 'हीनाचहीका' असं काही करता येईल, पण वेल्श गावाचा भास जातो. मी मूळ नाव ठेवून पहिल्याच उल्लेखात पात्राच्या तोंडून अर्थ सुचवला जातो का ते पाहीन.

व्युत्पत्तीप्रेमी

निषाद, हे छान आठवलंत. आणखी दोन रूपं नोंदवतो.

'बगर' आणि पुढे स्थळाचं नाव याचं सर्वात गाजलेलं उदाहरण 'बगर बॉग्नर'. राजा पाचवा जॉर्ज १९२९ मध्ये आजारातून उठताना ससेक्सच्या किनाऱ्यावर बॉग्नरजवळ राहिला होता, त्यावरून त्या गावाला 'रीजिस' ही पदवी मिळाली. २० जानेवारी १९३६ ला तो वारला. मरणशय्येवर कुणीतरी म्हणालं, लवकरच बॉग्नरला जाण्याइतके बरे व्हाल, आणि राजा हे दोन शब्द बोलला, अशी दंतकथा आहे. काहीजण तीच गोष्ट पदवीच्या अर्जाशी जोडतात. खरेपणाचा पुरावा नाही, पण रचना पक्की लक्षात राहते: 'खड्ड्यात गेलं ते बॉग्नर.'

दुसरं 'एम्बगरन्स', ब्रिटिश सैन्यातला शब्द. मोहिमेत मध्येच उपटणारा, काम किचकट करून ठेवणारा अडथळा. लेखक टेरी प्रॅचेट यांनी डिसेंबर २००७ मध्ये आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार झाल्याचं वाचकांना कळवलं, त्या निवेदनाला त्यांनी हेच शीर्षक दिलं होतं. तिथे मराठीत 'अडचण' लिहिलं तर पोकळ वाटतं आणि 'संकट' लिहिलं तर त्यांचा धीर दिसत नाही. मला 'झेंगट' जवळचं वाटतं.

उपशीर्षककार

'झेंगट' पटलं, तेच घ्यावं.

शर्वरी, तुमची सात वाक्यं ओळीने मराठीत: प्रिंटर मेलाय. सोमवारपर्यंत शष्प काही करता येणार नाही. बिचारा, रात्रभर सपोर्टवर होता. फाजीलपणा बंद कर. च्यायला, चाललं की! जूनपासून नुसते झुलवतायत आपल्याला. इन्स्टॉल करायला महाकिचकट आहे.

चौथ्याचं मराठी मात्र तो कुणाला उद्देशून होता त्यावर अवलंबून. वाटाघाटीत ग्राहक म्हणाला असेल तर 'फाजीलपणा' नको, 'खेळी बंद करा, सरळ बोला' असं समजा.

शर्वरी_न

ग्राहकच म्हणाला होता, दराच्या चर्चेत. म्हणजे ४ आणि ६ एकाच बाजूने आलेत. सुधारित वेळापत्रक आणि दर आजच लेखी पाठवते.